पेलाजियाच्या दिव्यातलं पाणी

१

नानुलीचं पाकीट बुधवारी सकाळी सात ते आठच्या दरम्यान चोरीला गेलं. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण मंगळवारी रात्री ते जागेवर होतं, आणि रोज सकाळच्या त्या एका तासाखेरीज पेलाजियाचं घर छत्तीस दिवसांत कधी मोकळं पडलं नव्हतं.

कळलं मात्र संध्याकाळी. मी अंगणात वांगी कापत बसले होते. वरच्या आळीतून माझ्या दारापर्यंत अडुसष्ट पायऱ्या आहेत. नानुली त्या एका दमात उतरून आली आणि फाटकाला धरून उभी राहिली.

"बाई, गेलं! तसबिरीमागचं पाकीट गेलं!"

"नीट बघितलंस का?"

"तसबीर सरकवून बघितली. खाटेखाली बघितलं, उशा फाडल्या. बाई, सोमवारची बोट आहे माझी."

पाकिटात तिचा पासपोर्ट होता, राहण्याच्या परवान्याचं कार्ड होतं आणि बोटीचं तिकीट होतं. नानुली जॉर्जियाची. नऊ वर्षांपूर्वी म्हाताऱ्या पेलाजियाची देखभाल करायला आमच्या ग्रीक बेटावर आली, तेव्हा तिची मुलगी तेओना अकरा वर्षांची होती. पहिली आठ वर्षं कागदच नव्हते, म्हणजे गेली असती तर परत येता आलं नसतं. नवव्या वर्षी कागद आले, तर पेलाजिया अंथरुणाला खिळली. ती जुलैत गेली. आता रविवारी तिचा चाळिसावा, म्हणजे चाळीस दिवसांचं स्मरण, उरकायचा, सोमवारी बोट धरायची आणि शनिवारी तेओनाच्या लग्नाला उभं राहायचं, असं सगळं ठरलं होतं.

मी मितिलिनी शहरातल्या पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने जांभई आवरत सांगितलं की नवा पासपोर्ट अथेन्सच्या वकिलातीतून मिळतो, आणि त्याला सहा आठवडे लागतात.

"सहा आठवडे," मी नानुलीला म्हटलं.

ती रडली नाही. पायरीवर बसली आणि माझी उरलेली वांगी कापायला लागली. मला ते बघवेना. मी काठी घेतली आणि महिन्याभरात पहिल्यांदा वरच्या आळीत चढले. माझे गुडघे त्या पायऱ्यांना फार शिव्या देतात.

पेलाजियाच्या घराची किल्ली दारालाच बाहेरून लटकते, गावात सगळ्यांचीच लटकते. कोपऱ्यातल्या फळीवर देवमातेची तसबीर, आणि तिच्यापुढे काचेच्या पेल्यातला दिवा. माणूस गेलं की हा दिवा चाळीस दिवस विझू द्यायचा नसतो. पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि तेलावर बुचाच्या चकतीत खोवलेली तरंगती वात. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी चष्मा लावला. छत्तीस दिवस जळलेल्या पेल्याच्या कडेला काजळी हवी. ती नव्हती, पेला लख्ख होता. पेल्याखालचा विणलेला रुमाल उचलला, तर खालची बाजू तेलाने चिकचिकीत झालेली. कोणीतरी तो उलटा करून घातला होता. आणि तेल जिथे पाण्यावर टेकतं, तिथे एक बारीक पांढरं कडं होतं. धूळ असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने असं करावं म्हणजे कमाल झाली.

"नानुली, हा दिवा तू धुतलास?"

"नाही. मी रोज संध्याकाळी वात बदलते, वरून तेल घालते. आतलं पाणी पेलाजियामाई गेल्या त्या दिवशीचं आहे."

"मग चोराने तो सांडला," मी म्हटलं. "सांडला, पुसला, पुन्हा भरला आणि पेटवून गेला."

आम्ही दोघी त्या ज्योतीकडे बघत राहिलो. चोरी करणाऱ्याला दिवा विझण्याची एवढी काळजी कशासाठी?

२

बुधवारी सकाळी नानुली झऱ्यावर गेली होती. ऑगस्टअखेर आमच्या घरांखालची पावसाच्या पाण्याची टाकी कोरडी पडते. घरातले चारही डबे हातगाडीवर घालून ती रोज सातला निघते आणि आठला परतते.

त्या तासात वरच्या आळीत तीनच माणसं होती. आळीत मुळात माणसंच चार उरली आहेत; त्यातलं एक अंथरुणावर आणि नानुली झऱ्यावर, म्हणजे राहिली दोन, आणि तिसरा सकाळी माझ्या दारावरून वर चढलेला दूकास. पूर्वी तिथे चाळीस धुरांडी धूर सोडायची. माझी शाळाही सहा वर्षांपूर्वी चार मुलं उरली म्हणून बंद झाली. तेव्हापासून मी कोणाला काही शिकवलेलं नाही, आणि तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गुरुवारी सकाळी आधी खाली बंदरावर गेले. पेलाजियाचा पुतण्या दूकास तिथे खाणावळ चालवतो. माझाच विद्यार्थी, अम्ल आणि अल्कली यांतला फरक त्याला शेवटपर्यंत कळला नाही.

"या बाई! कॉफी?"

"तुझ्या नळाच्या पाण्याची असेल तर नको. समुद्र प्यायल्यासारखं वाटतं."

"बोअरला खारं पाणी लागलंय, माझा काय दोष? पर्यटक बाटलीचं पितात." तरी त्याने कॉफी आणलीच, आणि ती खारट होतीच.

"बुधवारी सकाळी काकूच्या घरी गेला होतास?"

"गेलो होतो की. खिडक्या मोजायला. घर मला मिळालंय, भाड्याने द्यायचंय, चोरून जायची काय गरज?" तो खुर्चीत मागे रेलला. "आणि पाकिटाचं म्हणाल तर त्या बाईनेच लपवलं असेल. फुकट घर सोडून कोण जातंय!"

"मुलीचं लग्न आहे तिच्या, दूकास."

"असेल. मला ती सोमवारी गेलेली हवी. मंगळवारी रंगारी येतायत."

तो उद्धट आहे, पण हे बोलणं खरं वाटलं. जिला घालवायचं आहे तिचा पासपोर्ट कोण चोरेल? तरी मी त्याचं नाव पुसून टाकलं नाही. मला तो चोर निघायला हवा होता, हे कबूल करते.

३

एर्मिओनी देवळाची झाडलोट करते आणि गावातल्या प्रत्येक दिव्याचा हिशेब ठेवते. तिने मला दारातच अडवलं.

"मी आधीच सांगितलं होतं, परक्या बाईच्या हाती देवाची तसबीर ठेवू नका. ती तसबीर देवळात यायला हवी."

"पाकीट त्या परक्या बाईचंच गेलंय, एर्मिओनी."

"ते मला माहीत नाही." मग तिचा आवाज जरा उतरला. "मी बुधवारी देवळाबाहेर झाडत होते. दूकास आला, गेला. हातात मोजपट्टी होती. नंतर कोणी आलं तर मी बघितलं नाही, मी आत घंटा पुसायला गेले."

"दिवा सांडला होता. कोणीतरी पुन्हा लावून गेलं."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "मग तो चोर नाही, मिर्सिनी. देवमातेला भिणारं कोणीतरी आहे. दूकास असता तर त्याने त्यावर सिगरेट विझवली असती." आणि आत जाता जाता म्हणाली, "मी असते तर देवळातलं तीर्थ घातलं असतं, नि तुला त्याचा पत्ताही लागला नसता."

तिसरे इग्नातिस. पेलाजियाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वय एक्क्याऐंशी. साबणाचा कारखाना होता तेव्हा तिथे मुख्य कारागीर होते. आता अंगणातल्या एका कढईत उरल्यासुरल्या तेलाचा साबण करतात आणि गावात वाटतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नानुली त्यांना रोज दुपारी सूप नेऊन देते, सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालते आणि मोडक्या ग्रीकमध्ये वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिच्या उच्चारांवर ते पोट धरून हसतात.

गुरुवारी ते हसत नव्हते. टेबलावर सूप गार पडलं होतं.

"पोरगी फार घाबरली असेल," ते म्हणाले.

"घाबरली आहे."

"दुसरा पासपोर्ट करून मिळतो ना हो, मास्तरीणबाई? किती दिवस लागतात? सहा आठवडे का जास्त?"

"सहा."

"सहा," ते म्हणाले आणि बोटं मोडत बसले. त्यांच्या हातांची कातडी चामड्यासारखी घट्ट झाली आहे. अंगणात कढई, शेजारी मोरी, मोरीवर मातीचे दोन सारखे जग. मी उठताना ते म्हणाले, "दिवा विझला नाही ना पेलाजियाचा?"

"नाही."

"बरं झालं."

घरी येऊन मी सगळं वहीत मांडलं. तीन माणसं, एक तास. कशाचाही मेळ लागत नव्हता. मग एकदम लक्षात आलं की चोराने दिवा पुन्हा भरला. तेल फळीवरच्या बुधलीत होतंच. पण नानुली चारही डबे घेऊन झऱ्यावर गेली होती. टाकी कोरडी. त्या तासात त्या घरात पाण्याचा थेंब नव्हता.

म्हणजे पेल्यातलं पाणी चोराच्या घरचं होतं.

४

शुक्रवारी सकाळी मी शाळेच्या कपाटातून आणलेली जुनी पेटी काढली. चपटी बॅटरी, दोन खिळे, तारा आणि बोटाच्या पेराएवढा बल्ब. पेलाजियाला औषध पाजायची सिरिंज नानुलीकडे होतीच. तिची नळी तेलातून खाली सारून, ज्योत न हलवता, मी पाच थेंब कमी एक चमचा पाणी ओढून घेतलं.

नानुली समोर बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आधी झऱ्याचं पाणी." वाटीत दोन खिळे सोडले. बल्ब पेटला नाही. त्यात साखर विरघळवली, तरी नाही. मग दुसऱ्या वाटीत मीठ टाकलं आणि बल्ब पेटला.

"साखर पण विरघळली, मीठ पण विरघळलं," नानुली म्हणाली. "दोन्ही पांढरं. मग असं का?"

सहा वर्षांनी मला कोणीतरी 'असं का' विचारलं होतं.

"मिठात सोडियम आणि क्लोरीन असतात. सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण. त्या ओढीने ते एकमेकांना गच्च धरून बसतात. म्हणून मीठ वितळवायला भट्टी लागते. पण पाण्यात पडले की पाणी त्यांना सोडवतं, आणि प्रत्येक जण आपला भार घेऊन हिंडायला लागतो. वीज तेच वाहून नेतात."

"आणि साखर?"

"साखरेतल्या अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असतात, कोणी कोणाला दिलेले नसतात. पाण्यात साखरेचे रेणू एकमेकांपासून सुटतात, पण अख्खेच्या अख्खे. कोणावर भार नाही, तर नेणार काय?"

"तेलाचं पण तसंच?"

"तेलाचंही वाटून घेतलेलंच, तेही अगदी सारखं. म्हणून पाणी त्याला जवळ करत नाही आणि ते वर तरंगतं." मी तिसऱ्या वाटीत दिव्यातलं पाणी ओतलं. "आता बघ."

झऱ्याच्या पाण्याने बल्ब पेटला नव्हता. आता तो लख्ख पेटला, मिठाच्या वाटीपेक्षाही जास्त.

"खारं आहे!" नानुली ओरडली. "दूकास!"

मी काठी घेऊन खाली सुटले. एवढ्या वेगाने मी मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभातूनही पळाले नव्हते. दूकास बाजारात गेला होता, ते बरंच झालं. त्याच्या नळाखाली बाटली भरली, तिथेच ओट्यावर खिळे बुडवले.

बल्ब पेटला खरा, पण मंद. इतका मंद की हाताची सावली धरून बघावा लागला. पाचदा करून बघितलं, तेच. पेल्यातलं पाणी याच्यापेक्षा कितीतरी खारं होतं. आणि समुद्राचं पाणी भरून अडुसष्ट पायऱ्या चढेल असा दूकास मी तरी शिकवलेला नाही.

मी खाणावळीच्या ओट्याशी उभी राहिले. माझा आवडता चोर हातचा गेला होता.

५

मग ते पांढरं कडं आठवलं.

घरी येऊन मी एका पेल्यात कडक मिठाचं पाणी घेतलं आणि वर तेच दिव्याचं तेल सोडलं. दिव्याला आपण काही चांगलं तेल घालत नाही, गाळाचं, आंबूस झालेलं घालतो. दोघांमधली रेघ स्वच्छ राहिली. तासाभराने स्वच्छ, दुपारी जेवून उठले तरी स्वच्छ. म्हणजे नुसत्या मिठाने कडं होत नाही. पाण्यात मिठाखेरीज आणखी काहीतरी होतं.

सिरिंजमध्ये अर्धा चमचा पाणी उरलं होतं. एक थेंब चिमटीत चोळला. बोटं एकमेकांवरून घसरली. मी घाईने हात धुतले आणि कपाटातली लाल वाइन काढली. माझ्या वर्गात लिटमस संपला की मी वाइन वापरायचे, त्यावरून पालकांनी एकदा तक्रारही केली होती. दूकासच्या नळाच्या पाण्यात एक थेंब टाकला, लालच राहिला. पेल्यातल्या पाण्यात टाकला, तो हिरवट काळा झाला, म्हणजे पाण्यात अल्कली होतं.

मी खुर्चीवर बसले. आता सगळ्याचा मेळ लागत होता, आणि मला ते नको होतं.

कॉस्टिक सोडा. त्याला तेल मिळालं की साबण होतो, आणि आंबूस तेल असेल तर चटकन होतो. साबणाच्या रेणूचं एक टोक मिठासारखं भार असलेलं, ते पाण्याकडे तोंड करतं. बाकीचं लांब शेपूट तेलासारखं, ते तेलात राहतं. एरवी तो साबण पाण्यात विरघळून गेला असता. पण पाणी खारट असलं की साबण त्यात राहू शकत नाही, तो बाहेर पडून वर साचतो. साबण करणारे कढईत मीठ टाकतात ते यासाठीच. साबण काढून घेतला की खाली जे पाणी उरतं त्यात मीठही असतं आणि सोडाही. ते अगदी पाण्यासारखं दिसतं.

असं पाणी या गावात एकाच मोरीवर असतं, दोन सारख्या जगांपैकी एकात.

दुसऱ्या कोणाच्या हाताला ते लगेच निसरडं लागलं असतं. पण ज्याने साठ वर्षं त्याच पाण्यात हात घातले, त्याच्या बोटांना ते पाण्यासारखंच लागतं. आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दोन्ही जग सारखेच दिसतात.

"किती दिवस लागतात? सहा आठवडे का जास्त?" असं त्यांनी विचारलं होतं. पोलिसांचं उत्तर मी फक्त नानुलीला सांगितलं होतं. ती त्यांना बोलली असेलही. पण ज्याला दुसऱ्याचं पाकीट सापडावं असं वाटतं, तो आधी 'सापडलं का' विचारतो. ते त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

६

शनिवारी सकाळी चढले. नानुली झऱ्यावर गेली होती, हे बघूनच चढले.

इग्नातिस अंगणात कढईशेजारी बसले होते. मी काही बोलायच्या आधी त्यांच्या हातात दोन्ही जग दिले.

"सांगा, यातला पिण्याचा कुठला?"

त्यांनी एक हलवला, दुसरा हलवला, बोट बुडवलं. मग दोन्ही खाली ठेवले.

"दिव्यात हेच गेलं का?" ते म्हणाले.

"हेच गेलं."

"देवा." त्यांनी तोंडावर हात ठेवला. "पेलाजियाच्या दिव्यात मी सोड्याचं पाणी घातलं?"

चोरी पकडल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांना फक्त दिव्याचं वाटलं होतं.

"पाकीट घेताना कोपर लागलं हो," ते म्हणाले. "पेला आडवा झाला, ज्योत गेली. छत्तीस दिवस जळलेली. मला काही सुचेना. पळत घरी आलो, हाताला लागला तो जग घेतला. वात पेटेपर्यंत तीन काड्या गेल्या. पेटली तेव्हा गुडघ्यावर बसून माफी मागितली."

"पाकिटाची?"

"नाही," ते म्हणाले. "ज्योतीची."

"पोरीचं लग्न आहे, इग्नातिस. पुढच्या शनिवारी."

"माहीत आहे. पत्र मलाच वाचून दाखवलं तिने." त्यांनी कढईच्या कडेवरचा साबण नखाने खरवडला. "मास्तरीणबाई, तुम्ही खाली राहता. खाली माणसं आहेत. माझ्या घराला 'उठलात का काका' म्हणणारा एकच आवाज आहे. तो गेला की मी मेलो तरी एर्मिओनीला वासावरून कळेल. मी म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सापडलं म्हणून देईन. मग ती जाणार नाही कदाचित. फक्त हिवाळा निघाला असता."

"आणि तेओनाचं काय?"

"तिच्याबद्दल विचारच केला नाही," ते म्हणाले. "करायचाच नाही असं ठरवलं होतं."

मला चिडायचं होतं. शाळेत मी याहून किरकोळ गोष्टींवर चिडले आहे. पण त्या अंगणात मला चिडता आलं नाही.

त्यांनी साबण वाळवायची पेटी उघडली. वड्यांच्या तळाशी मेणकागदात गुंडाळलेलं पाकीट होतं. त्यांनी ते पुसून माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच द्या. मला जमणार नाही. आणि काय सांगायचं ते सांगा, मी आहे तो आहे."

७

पायऱ्या उतरताना मी ठरवलं की नानुलीला सांगायचं, फळीमागे भेगेत सरकलं होतं. म्हाताऱ्याला उघडं पाडून काय मिळणार?

घरी आले. नानुली झऱ्यावरून परतायला अजून अर्धा तास होता. पाकीट टेबलावर ठेवलं. कॉफी केली. मग काय झालं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी पाकीट उचललं आणि माझ्या खणात ठेवलं. वर जुन्या उत्तरपत्रिका ठेवल्या. खण ढकलला.

तेव्हा मनात एवढंच होतं की काल तिने विचारलं होतं, 'मग असं का?' सोमवारनंतर हे विचारायला कोणी उरणार नव्हतं.

कॉफी गार होईपर्यंत मी त्या खणाकडे बघत बसले. मग उठले, खण उघडला, पाकीट घेतलं आणि काठीसुद्धा न घेता वर चढले. थांबले असते तर चढले नसते.

नानुली हातगाडीवरून डबे उतरवत होती.

"सापडलं!" मी धापा टाकत म्हटलं. "फळीमागे, भेगेत. तू नीट बघितलंच नाहीस."

तिने पाकीट घेतलं, उघडलं. पासपोर्ट, कार्ड, तिकीट. छातीशी धरलं, डोळे मिटले. मग डोळे उघडले आणि पाकीट हळूच नाकाशी नेलं.

"बाई," ती म्हणाली, "फळीमागे साबणाचा वास येतो का?"

मी दोन दिवस बॅटऱ्या, खिळे आणि वाइन घेऊन गावभर फिरले होते. हिने एका श्वासात काम संपवलं. माझी नजर शेजारच्या भिंतीकडे गेली, तेव्हा तिने मान हलवली, पाकीट एप्रनच्या खिशात घातलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने सूपचं भांडं घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली.

"काका, कालचं सूप पण तसंच ठेवलंत? आणि थेंब कोणी घालायचे? वर बघा. वर बघा म्हणते ना! रडू नका, थेंब वाहून जातात."

रविवारी पेलाजियाचा चाळिसावा झाला. उकडलेल्या गव्हावर पिठीसाखरेचा थर आणि त्यावर बदामांनी तिचं नाव, असं ताट नानुलीनेच केलं होतं. एर्मिओनीने नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतलं. इग्नातिसनी सगळ्यांदेखत पेला झऱ्याच्या पाण्याने तीनदा धुतला, पुसला आणि पालथा घातला. दिव्याचं काम संपलं होतं.

सोमवारी बोटीवर चढताना नानुलीने मला एक छोटी बाटली दिली.

"सकाळी दोन, संध्याकाळी दोन. डावा डोळा आधी."

"माझे गुडघे बघितलेस का?"

"बघितले," ती म्हणाली. "शनिवारी काठीशिवाय चढलात, ते पण बघितलं."

बोट वळून दिसेनाशी झाली. दूकास धक्क्यावर उभा होता, त्याने मला कॉफी विचारली, मी नको म्हटलं. संध्याकाळपर्यंत घरात बसून राहिले. पेलाजियाच्या घरात उद्या रंगारी येणार होते. वरच्या आळीत एक खिडकी कमी पेटणार होती.

दिवे लागायच्या वेळेला मी अडुसष्ट पायऱ्या चढले. दोनदा थांबले. इग्नातिसचं दार उघडंच होतं. ते आत अंधारात खुर्चीवर बसले होते. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान उचलली.

"नानुली?"

"नाही. मी आहे," मी म्हटलं. "वर बघा. डावा डोळा आधी."